मुठीच्या पुढचं

प्रिय दादा,

त्या दुपारी तुझ्या हातात हातोडी होती की फोम कापायचा सुरा? सगळे मलाच विचारतायत, आणि मला खरंच सांगता येत नाही.

तुझ्या सोफ्यांच्या कारखान्याच्या दारातून मला फक्त तुझा हात आणि त्यातली लाकडी मूठ दिसली. पुढचं सगळं फोमच्या गुंडाळीआड. भांडणाचे आवाज ऐकू येत होते. मग तुझा भागीदार दंड धरून बाहेर आला, शर्ट रक्ताने भिजलेला. तो म्हणतो, सुरा मारला. तू म्हणतोस, मी खिळे ठोकत होतो, तोच अंगावर धावून आला आणि फाटक्या पत्र्यावर पडला.

आईचं एकच पालुपद: अगं, सोफ्यापाशी उभा होता, समोर खिळ्यांचा डबा, हातोडीच असणार की! तेवढं सांगायला तुझी जीभ का अडते? तपास करणारे साहेबही तितक्याच ठामपणे म्हणाले, भांडण चाललेलं, माणूस रक्तबंबाळ, मग दुसरं काय असणार? दोघांनीही काही पाहिलेलं नाही, दादा. पाहिलं मी, आणि माझीच खात्री नाही.

कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगात आम्ही लोकांना अर्धी झाकलेली चित्रं दाखवायचो. एकच वाकडा दांडा शेगडीजवळ दिसला की ते म्हणायचे किटली, बसथांब्यावर दिसला की छत्री. एरवी याचा उपयोगच होतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी नुसता खांदा दिसला तरी मी तुला ओळखते. पण तुझ्या कारखान्यात सगळंच अडतं. हाताला एकच सवय राहावी म्हणून तू हातोडीला, सुऱ्याला, पटाशीला एकसारख्या मुठी बसवल्यास. त्यांना जुळी भावंडं म्हणून आम्ही किती हसायचो! आता आईशी बोलून डोळे मिटले की हातोडी दिसते, साहेबांना भेटून आले की सुरा.

आई म्हणते, भावाने राबून शिकवलं ते याचसाठी का? मला वाटतं, हो, याचसाठी. पण हे तिला मोठ्याने सांगायची हिंमत झाली नाही.

मी काय जबाब दिला ते उद्या कोर्टात तुला कळेलच. पण कोठडीतून थेट तिथे उभं राहून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून तुझ्या वकिलांच्या हाती हे पत्र देतेय. मुठीच्या पुढे काय होतं ते तुलाच ठाऊक, तूच सांग. आज सकाळी मी जबाब दिला. साहेबांनी सुरा लिहिला, तो खोडायला लावला. वकिलांनी हातोडी सुचवली, तीही लिहू दिली नाही. लाकडी मूठ दिसली, पुढचं दिसलं नाही, एवढंच ठेवलं आणि सही केली.

काहीही झालं तरी तुझीच,
धाकटी