नाव नसेल तिथे माझं

२४ मार्च, सकाळ
आजपासून रोज डायरी. कोणी वाचणार नाही, पण आर्किटेक्ट होणाऱ्या माणसाची नोंद असावी.
काम असं: कंपनीचं रजा-पगाराचं सॉफ्टवेअर. एक सर्व्हर अर्ज घेतो, दुसरा मंजुरी देतो, तिसरा पगार काढतो. एकाने दुसऱ्याला कॉल केला की अर्ज पुढे जातो, पण अर्ज कोणाचा हे वाटेत गळतं. ते शेवटपर्यंत पोचवायचं. पोचवलं की आर्किटेक्टची जागा माझी. माझ्या वरिष्ठ, पुण्याच्या योगिनी मॅडम, फक्त 'बघू' म्हणाल्या, पण त्या 'बघू'त वजन होतं.

२६ मार्च
उज्ज्वला माझ्या हाताखाली; ती पुण्याच्या ऑफिसात बसते, मी इथे कारंजा गावी घरून. म्हणते, सर, प्रत्येक कॉलसोबत नाव पाठवू, नाव नसेल तर अर्ज परत करू. भित्रा विचार! आमच्या कारंज्यात चक्कीवर दळणाचा डबा ठेवला तर चक्कीवाला नाव विचारतो का? डबा बघून ओळखतो. सॉफ्टवेअरमध्ये असा विश्वास हवा. जिथे नाव सापडणार नाही तिथे तात्पुरतं माझं टाकलं. टेस्टिंगपुरतं. शुक्रवारी काढणार.

२८ मार्च, शुक्रवार
काढलं नाही. सगळ्या टेस्ट पास असताना कशाला हात लावा?
बायकोला समजावलं. रत्नमाला शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शंका फार. म्हणे, ज्याचं नाव नाई सापडत तिथं तुमचं कायले टाकून राह्यले? सोडून दिलं.

२ एप्रिल
लाइव्ह! मंजुरीच्या सर्व्हरकडे नाव पाठवायचं राहूनच गेलं होतं, पण माझ्या नावाने लाज राखली. डॅशबोर्डवर कंपनीत सर्वाधिक हालचाल माझी. मॅडम बघत असतीलच.
उज्ज्वलाचा मेसेज: सर, माझी रजा तुमच्या नावावर पडली. उत्तर दिलं नाही. जळतात लोक.

४ एप्रिल
मला बाळंतपणाची रजा मंजूर झाली. ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदन. रत्नमालाने विचारलं, प्रसेनजितराव, कितवा लागला? मला हसू आलं नाही. चूक एचआरची, त्यांनी बघून मंजूर करायला नको?
उद्या नक्की दुरुस्त करणार.

६ एप्रिल, रामनवमी
काल आळस नव्हता, डोकं दुखत होतं. आज पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीने नेट खाल्लं. असं सकाळी लिहिलं. दुपारी रत्नमाला त्याच नेटवर सिरियल बघत होती.

७ एप्रिल
मेल: आपला राजीनामा मंजूर.
मी दिलाच नाही! शोधलं. अर्ज उज्ज्वलाचा, वाटेत माझ्या नावावर आला. कारण लिहिलंय: 'वरिष्ठ ऐकून घेत नाहीत.' आता माझ्या फाइलवर माझे वरिष्ठ ऐकून घेत नाहीत. पण चूक उघड आहे. मॅडम हसतील आणि रद्द करतील.
रत्नमाला म्हणे, फोन करा आत्ता, कायची वाट पाहून राह्यले? उद्या करतो म्हटलं. घाई केली तर घाबरल्यासारखं दिसतं.

८ एप्रिल
फोन केला. राजीनामा माझा नाही, हे व्यवस्थित समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, शनिवारीच कळलं. उज्ज्वलाला लगेच फोन करून थांबवून घेतलं, आर्किटेक्टची जागाही तिलाच दिली.
फार लागलं. तरी विचारलं, मग माझ्या नावावरचा राजीनामा रद्द कधी होईल?
मॅडम म्हणाल्या, तो राहू द्या. लॅपटॉप कुठे परत पाठवायचा ते उज्ज्वला कळवेल.