हाक दिली होती

मी, खाली सही करणार, निवृत्त गोलरक्षक आणि सुतार, राहणार क्लबच्या मैदानाला पाठ लावून असलेल्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा रागही शाबूत आहे, त्याला दाखल्याची गरज नाही. लोक मला 'मुका' म्हणतात. मी मुका नाही. हे नाव मला का पडले ते पुढे येईलच, कारण खालची सगळी व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते बायको हयात असताना तिच्या धाकात लिहिल्यामुळे फार गोड झाले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागची मोकळी जागा सोडून, आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने माझे म्हातारपण काढले, कुरकुरत का होईना, पण काढले. ती मला सारखी सांगते, "बाबा, जाताना तरी मामाला सोडा हो." तिला माझे लेखी उत्तर असे, की सोडायचा चेंडू तुझ्या मामाने सोडला नाही, मग मी त्याला का सोडू?

कलम २. सुतारकामाची सर्व हत्यारे जावयाला. रंधा ओलीत ठेवू नये. पटाशी उसनी मागणाऱ्याला घरात घ्यावे, पाणी द्यावे, पटाशी देऊ नये. क्लबच्या कचेरीत अध्यक्ष ज्या खुर्चीवर बसतात ती मीच बनवलेली आहे आणि तिचा एक पाय जाणूनबुजून आखूड ठेवलेला आहे. जावयाने ती दुरुस्त करून देऊ नये, कितीही गयावया केली तरी. अध्यक्ष म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ.

कलम ३. माझे हातमोजे क्लबला काचेच्या कपाटात ठेवायचे आहेत, तसा निरोप दोनदा आला. ते मुलीने चुलीवरची गरम भांडी उतरवायला वापरावेत. निदान कोणाचे हात तरी वाचतील.

कलम ४. आता मूळ मुद्दा. आमच्या खेळात एक साधा कायदा आहे. चेंडू उंच उडून गोलपुढे आला आणि गोलरक्षकाने "माझा!" अशी हाक दिली, की आपल्या बाकीच्या खेळाडूंनी बाजूला व्हायचे. गोलरक्षक पुढे धावत येतो, मागे गोल उघडा पडतो, म्हणून ती हाक मोडायची नसते. शाळेतल्या पोरांनाही हे कळते. अंतिम सामन्यात बरोबरी होती आणि शिट्टी वाजायच्या बेतात होती. डाव्या अंगाने चेंडू आला. मी "माझा!" म्हणून ओरडलो, गोल सोडला, दोन्ही हात वर केले. मेहुणा माझ्यापुढे बचावाला होता. त्याला हिरो व्हायचे होते. त्याने उडी मारून डोके घातले आणि चेंडू माझ्या बोटांवरून आमच्याच गोलात गेला.

इथवर मी माफ केले असते. चूक माणसाकडून होते, आणि मेहुण्याकडून तर होतेच. पण त्याने मागे वळून, सगळ्या प्रेक्षकांकडे तोंड करून, हात पसरले आणि म्हणाला, "अरे, ओरडायचंस तरी!" खटला तिथेच निकाली निघाला. एवढ्या गोंगाटात हाक कोणाला ऐकू आली नव्हती, पसरलेले हात मात्र सगळ्यांना दिसले. दुसऱ्या दिवशी वार्ताहराने छापले, 'मुका गोलरक्षक'. त्या वार्ताहराला मी कान कोरायची काडी ठेवत आहे. ती नवीन आहे.

घरी आल्यावर मी हिला विचारले, "तू तर समोर बसली होतीस. ऐकलंस ना?"

"केवढी गर्दी होती हो. आणि दादा कशाला खोटं बोलेल?"

पुढे, तिच्या शेवटच्या आजारपणात, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही ओरडला असाल. पण आता जाऊ द्या ना." सगळ्या संसारात मला तिच्याकडून मिळाले ते एवढे 'असाल'. मी तिच्यावर रागावलो नाही. मला वाईट वाटले, आणि ते अजून वाटते.

कलम ५. क्लबने माझ्या सत्कारात मला निष्ठावंत म्हटले. मेहुण्यानेच भाषण केले. "मोठमोठ्या क्लबांची बोलावणी आली, पण आमच्या भावोजींनी घर सोडलं नाही!" टाळ्या पडल्या, शाल मिळाली. खरे कारण इथे नोंदवून ठेवतो. बोलावणी आली होती. गेलो असतो तर लोक म्हणाले असते, बघा, तोंड लपवून पळाला. म्हणून राहिलो. मेहुणा पुढे खेळत होता, मी त्याच्या मागे उभा राहून प्रत्येक सामन्यात त्याच्या पाठीत "माझा!" म्हणून ओरडत राहिलो, चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असला तरी. ती निष्ठा नव्हती, हट्ट होता. शाल मांजराच्या टोपलीत आहे. ती मांजराकडेच राहावी.

कलम ६. घरामागची मोकळी जागा. क्लबला तिथे नवी गॅलरी बांधायची आहे आणि तिला माझे नाव द्यायचे आहे. ही जागा मी क्लबला फुकट देत आहे, एका अटीवर. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी मेहुण्याने त्याच गोलपुढे उभे राहून, माईक न घेता, म्हणावे: "त्याने हाक दिली होती. मी ऐकली होती." शेवटच्या रांगेत ते ऐकू गेले पाहिजे. ऐकू गेले की नाही, हे मुलीने ठरवू नये, ती मामाची लाडकी आहे. ते आमच्या शेजारणीने ठरवावे.

अट पुरी झाली नाही, किंवा मेहुणा माझ्याआधी मरून पुन्हा एकदा निसटला, तर ती जागा शेजारणीला तिच्या कोंबड्यांसाठी मिळेल. वारा नेहमी तिकडून अध्यक्षांच्या कचेरीकडे वाहतो. होय, जिला जागा मिळायची तीच न्यायाधीश आहे. मलाही असाच न्याय मिळाला होता.

कलम ७. माझ्यासाठी मैदानात दोन मिनिटे शांतता पाळू नये. शांतता पुरेशी झाली. ज्यांना काही करावेसे वाटेल त्यांनी ओरडावे.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम जावयाकडे. तो कमी बोलतो आणि मेहुण्याला भीत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, मुलीच्या सांगण्यावरून दोन शिव्या खोडल्या आणि समाधानाने सही केली.

सही: लोक ज्याला मुका म्हणतात तो
स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: मोसम संपल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी

साक्षीदार पहिला: घशाचे डॉक्टर. यांनी माझा घसा तपासून सांगितले, "आयुष्यभर ओरडून झिजलाय." त्यांनी ते दाखल्यातही लिहिले आहे.
सही: डॉक्टर

साक्षीदार दुसरा: चष्म्याचे दुकानदार. त्या अंतिम सामन्यात हे विरुद्ध संघाकडून आघाडीला खेळत होते. आमच्या बाजूच्या माणसांवर माझा विश्वास नाही, म्हणून यांना बोलावले. यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही करण्यापूर्वी यांनी कलम ४ वाचायला मागितले आणि खालचा मजकूर आपणहून लिहिला.

"मी त्या दोघांच्या मधोमध होतो. मला कधी कुणी विचारलंच नाही, आणि आम्ही जिंकलो होतो, मग मी तरी कशाला बोलू? पण आता सही करतोय तर खरं लिहितो. चेंडू माझ्याच डोक्यावर येत होता. मी उडी मारणार, तेवढ्यात गोलकडून 'माझा!' अशी हाक आली. मी विरुद्ध संघाचा माणूस, तरी थांबलो. तुमचा माणूस थांबला नाही."
सही: चष्मेवाला