ओसल्यापुढची खिंड

ब्रह्मपुरी
२२ एप्रिल १९८६

प्रिय गुलाब,

सप्रेम जयभीम. तुझी दोन्ही कार्डं मिळाली. पहिल्यात सर्टिफिकेट कधी पाठवतोस म्हणून विचारलं होतंस. दुसऱ्यात नुसतं 'भाऊ, सर्टिफिकेट' एवढंच लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. डॉक्टरांची सही होऊन आठवडा होत आला. कागद दवाखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाच मेच्या आत तो नागपूरला तुझ्या गिर्यारोहण मंडळाकडे पोचला नाही, तर तुझं नाव कटेल आणि तुझ्या जागी वर्ध्याची कुणी मुलगी जाईल, हे मला ठाऊक आहे. कागद अजून का पाठवला नाही ते या पत्रात सांगणार आहे. पण ते मला एकदम सांगता येणार नाही, तेव्हा तू आधी मागितलेलं काम देतो.

तू पाठवलेली छापील पत्रकं मी तीनदा वाचली आणि सगळा प्रवास एका वहीत दिवसवार उतरवला. नागपूरहून दिल्ली, तिथून डेहराडून, मग बसने पुरोला आणि पुढे सांकरी. सांकरीला तुमचा वाटाड्या जगतराम भेटेल. तिथून चालणं. पहिलं गाव तालुका, मग गंगाड, मग ओसला. प्रत्येक गावापुढे मी उंची लिहिली आहे. सांकरी सहा हजार तीनशे फूट, ओसला साडेआठ हजारांच्या आसपास. ओसल्याला दोन रात्री मुक्काम ठेवला आहे तो आरामासाठी नाही, अंगाला पातळ हवेची सवय व्हावी म्हणून. त्यापुढे गाव नाही. राहुट्या ठोकून दोन मुक्काम आणि मग ती चौदा हजार फुटांची खिंड. मी आजवर चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे नागपूरच्या दवाखान्याचा तिसरा मजला, आणि तिथेही मी लिफ्टनेच गेलो होतो. तरी आता मला ओसल्याची घरं पाहिल्यासारखी वाटतात. खाली गुरं, वर माणसं, सगळं देवदाराच्या लाकडाचं.

आईला मी वही वाचून दाखवली. तिने विचारलं, तिथला तालुका कोणता. मी म्हटलं, गावाचंच नाव तालुका आहे. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे आणि ती उठून गेली. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "तिकडे भात भेटते का?" मी म्हटलं, तिकडे लोक रोटी, राजमा आणि आलू खातात. "मंग भाताशिवाय पोरगी चढंन कशी?" असं म्हणून तिने जवसाची चटणी कुटायला घेतली. दोन डबे भरले आहेत. एक तुझा आणि एक जगतरामचा, कारण वाटाड्याला आधी खाऊ घातलं की तो आपल्या माणसाकडे लक्ष ठेवतो असा तिचा हिशेब आहे.

जयंतीला तू चार दिवस आली होतीस तेव्हा तलावाच्या पाळीवर पाठीवर अर्धं पोतं धान घेऊन तुझ्या चकरा चालल्या होत्या. पाळ ती केवढी, पंधरा-वीस फूट. तू खालून वर, वरून खाली, आणि मी घड्याळ धरून बसलेला. लटारू म्हशी घेऊन जाताना थांबला आणि म्हणाला, "काऊन हरिदासभाऊ, नागपूरले शिकवून बहिणीले हमाल बनवून राह्यले का?" तू पोतं न उतरवताच त्याला म्हणालीस, "हिमालयात जाऊन राह्यली, तुमच्या म्हशी संभाळाले कोणी पायजे असंन तर आल्यावर सांगजा." मी हसलो होतो. त्या दिवसानंतर मी हसलो असेन तर मला आठवत नाही. त्याच संध्याकाळी मी तुझं रक्त घेतलं.

तुझ्या पत्रकात शेवटी सूचना आहेत. हळू चढा, पाणी भरपूर प्या, वाटाड्याच्या पुढे जाऊ नका. त्यातली सहावी सूचना अशी: डोके दुखणे, धाप लागणे, पोटात कळ येणे असे काहीही झाल्यास वाटाड्यास सांगण्यास संकोच करू नये, कोणी तुम्हाला आळशी समजणार नाही. ती वहीत उतरवताना 'आळशी' या शब्दापाशी माझा हात थांबला. पुढचा शब्द मी दुसऱ्या दिवशी लिहिला.

आता आपल्या बहिणीचं, रुखमाचं सांगतो. ती गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला काविळीने गेली असं सांगितलं होतं आणि आम्हीही तेच समजत होतो. तेव्हा आपण आरमोरीजवळ गावीच होतो, बाबा होते. ती तुझ्यासारखीच उंच होती, पण तिचे डोळे कायम पिवळसर असायचे. रोवण्याच्या दिवसांत घरातल्या सगळ्या बाया-पोरी धान लावायला बांधीत उतरायच्या, आपल्या बांधीत आणि कामाच्या बदल्यात काम म्हणून, फेडीला, दुसऱ्यांच्याही. दिवसभर वाकून, पिंडरीभर गार पाण्यात, वरून पाऊस. रुखमा तास-दोन तास लावायची आणि मग तिचे गुडघे, मनगटं दुखायला लागायची. पहिल्या दिवशी कण्हायची, दुसऱ्या दिवशी उठायचीच नाही. आई मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल गरम करून चोळायची. आठ-दहा दिवसांनी बरं वाटायचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरायची तेव्हा हीच पोरगी तीन कोस चालत जाऊन रात्रभर नाटक पाहायची. साऱ्या गावात एक वाक्य झालं होतं, "रोवणा आला का रुखमाचे पाय दुखते, अन् मंडई आली का बरे होते." ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. ते पहिल्यांदा मी म्हटलं होतं, गुलाब. लोक हसले म्हणून पुन्हा म्हटलं.

फेब्रुवारीत मी नागपूरला त्या चार दिवसांच्या शिबिराला गेलो होतो, आठवतं ना. तुला वाटलं मलेरियाच्या काचा तपासायचं शिबिर. मलेरिया दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी रक्ताच्या एका आजाराबद्दल शिकवलं. त्याला सिकलसेल म्हणतात. आपल्या भागात, आपल्या लोकांत आणि गोंडांतही तो खूप आहे, आईबापांकडून येतो. रक्तातल्या गोल पेशी हवा कमी पडली की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मी वहीत उतरवून घेत होतो: गार पाण्यात भिजल्याने, फार श्रमाने दुखणं वाढतं, मधल्या काळात रोगी अगदी चांगला असतो, त्यामुळे घरचे लोक अनेकदा त्यास कामचुकार समजतात. माझं अक्षर त्या पानावरही नीट आहे. परत येताना मी खिडकीजवळ बसलो होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. भूक लागली होती. भिवापूरला बस थांबली तेव्हा उतरून भजी खाल्ली.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. मी कामावर जातो, काचा रंगवतो, घरी येऊन आईशी बोलतो. रडू येत नाही. रुखमा आठवते ती चेहऱ्याने नाही, पाठमोरी, मेणकापड पांघरलेली. पंचाहत्तरचा श्रावण होता. तिला दोन दिवस ताप होता. आपल्या घरचं एक माणूस दुसऱ्यांच्या फेडीला द्यायचं होतं म्हणून आई तिकडे गेली होती आणि आपल्या बांधीत हात कमी पडत होते. शेजारच्या बांधीतून कोणीतरी ओरडून विचारलं, "तुमची मंडईवाली कुठी हाय?" मला लाज वाटली. मी घरी गेलो आणि तिला दंडाला धरून उठवली. ती म्हणाली, "भाऊ, मले खरंच नाई जमत. हाडं फुटून राह्यली." मी म्हटलं, मी सकाळपासून पाण्यात आहे, माझी कशी फुटत नाहीत? मी तिला बांधावरून हाताला धरून खाली पाण्यात उतरवली. तिने दुपारपर्यंत लावलं. बरोबर ओळीत लावलं. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी बैलबंडीत घालून आरमोरीला नेताना ती वाटेतच गेली. तिचं रक्त कुणी कधी तपासलं नाही, तेव्हा अमुकच होतं असं मी काचेवरून सांगू शकत नाही. पण मला आता शंका नाही. शिबिरात मी माझंही रक्त तपासलं. माझ्या पेशी गोल निघाल्या. मी सहा-सहा तास पाण्यात उभा राहायचो आणि मला काही व्हायचं नाही, म्हणून तिलाही काही होत नसणार असं मी धरून चाललो होतो.

मग तुझा फॉर्म आला. डॉक्टरांनी तुझं वजन पाहिलं, हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला, आणि "हरिदासची बहीण ना, मग हिला काय धाड भरली आहे," म्हणत सही केली. त्यांना दोष देत नाही, सिकलसेलची तपासणी फॉर्मात मागितलेलीच नाही. पण तुझं थोडं रक्त माझ्याकडे उरलं होतं. मी एक थेंब काचेवर घेतला, त्यावर औषध टाकलं, वर पातळ काच ठेवून कडा मेणाने बंद केल्या, म्हणजे आत हवा जात नाही. तासभर थांबलो. पाहिलं. पुन्हा एक तास थांबून पाहिलं. दुसऱ्या सकाळी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती उरलेलं रक्त नागपूरच्या त्या बाईंकडे पाठवलं. काल त्यांचं उत्तर आलं.

तुझ्यात ते आहे, पण अर्धं. रुखमाला ते आईबाबा दोघांकडूनही आलं असणार, तुला एकाकडूनच आलं आहे. घाबरू नकोस. अशी माणसं आपल्या भागात घरोघरी आहेत, जन्मभर शेती करतात आणि त्यांना कळतही नाही. आई तशीच असणार, बाबाही तसेच असणार. पण बाईंनी खाली हाताने लिहिलं आहे की दहा हजार फुटांच्या वर, पातळ हवेत आणि चढाच्या श्रमाने, अशा माणसाच्या डाव्या बरगडीखाली पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, इजा झाल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. चौदा हजारांच्या खिंडीवरून उतरून दवाखाना गाठायला किती दिवस लागतील ते मी वहीत पाहिलं. जगतरामचं खेचर मिळालं तरी चार. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. आपल्या पोरीला आपण आळशी म्हणत होतो आणि ती आजारी होती, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

या आठवड्यात मी दोनदा ते सर्टिफिकेट फाडायला काढलं. पाच तारीख निघून जाऊ द्यावी, टपालात हरवलं म्हणून तुला सांगावं, असंही मनात आलं. तू मला कधीच दोष दिला नसतास. एकदा उलटंही वाटलं, की बाईंचं पत्रच जाळावं आणि तुला जाऊ द्यावं, कारण तुझं पोतं घेऊन चढणं मी पाहिलं आहे. दोन्ही वेळा कागद परत ठेवला. या पाकिटात दोन्ही आहेत, डॉक्टरांची सही असलेलं आणि बाईंचं. आधी बाईंचं वाच. मला विचारशील तर ओसल्यापर्यंत जा, तिथे थांब, आणि बाकीच्या पोरी खिंड ओलांडून येईपर्यंत त्या लोकांचे आलू निवड. पण तू मला विचारायलाच हवं असं नाही. रुखमाने मला तिच्या अंगाचं सांगितलं होतं आणि मी ते माझ्या अंगावरून ठरवलं. तुझं तू ठरव, गुलाब, आणि मंडळाला जो कागद द्यायचा तो तूच आपल्या हाताने नेऊन दे.

तुझाच, आणि रुखमाचाही,
हरिदासभाऊ