नववा मासा

सोमवार, ३ फेब्रुवारी

डोळा आहे पण बघत नाही म्हणे. डावा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा दिसायला चांगला आहे, पण नंबर इतका मोठा की मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलंय. माझ्या गोटीचं सगळं उजव्यावरच चाललंय. साडेचार वर्षांची पोर, आणि मला पत्ता नाही! आई म्हणवते स्वतःला.

चष्मा दिला. शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी चिकटवायची, म्हणजे त्या आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. पट्टी असताना तिला चित्रं बघायला लावा, बारीकसारीक शोधायला लावा म्हणाल्या. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. नाही सुधारला तर, मी विचारलं.

"वय लहान आहे, सुधारायला हवा. पण आत्ता हयगय केलीत तर मोठेपणी काही करता येत नाही."

तेवढंच डोक्यात घुमतंय.

घरात कुणाला लहानपणापासून चष्मा आहे का, हेही विचारलं. गोटीचे पप्पा नाही म्हणाले. मीही नाही म्हटलं. आमच्याकडे आजीसुद्धा शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची.

एक गोष्ट सांगितली नाही. गोटी आठ महिन्यांची असताना पलंगावरून पडली होती. दूध उतू जायला लागलं म्हणून मी उठले, तेवढ्यात. डाव्या भुवईवर टेंगूळ आलं. घरात कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत उतरलं आणि मी तोंडाला कुलूप लावलं. आज पहिल्यांदा लिहितेय. डावीच बाजू होती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पट्टी लावली. घर डोक्यावर घेतलं. दोनदा ओरबाडून काढली, तिसऱ्यांदा माझ्या कपाळावर चिकटवली. चार तासांतला एकच झाला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

छापखान्यात मन लागत नाही. मी आधी मागच्या खोलीत खोकी घडी करायचे, तेच बरं होतं. डिझाइन करणाऱ्या ताईंना सातवा लागलाय, एप्रिलपासून त्या रजेवर. तोवर किरकोळ कामं हिला शिकवा म्हणून मालकांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

आज ग्रेडियंट. एका टोकाला गडद रंग, दुसऱ्या टोकाला फिकट, आणि एकातून दुसऱ्यात असं उतरायचं की मधे कुठे जोड दिसता कामा नये. माझे जोड दिसतात. ताई म्हणतात, "इथे पट्टा पडलाय बघ. आणि डोळे किती बारीक करतेस गं, स्क्रीन काय खाणार आहे तुला?" मला पट्टाबिट्टा काही कळत नाही. मी हो हो म्हणते आणि त्या बोट दाखवतील तिथे माउस नेते.

शाळेत हेच करायचे. फळ्यावरचं मला कधी वेळेत उतरवता आलं नाही, शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे. बाई म्हणायच्या, ढ आहे, बसू दे मागे. आठवीत सुटली शाळा. हे मालकांना कुणी सांगायचं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज जमलं असं वाटलं होतं!

बल्बच्या खोक्यावर पेटलेला बल्ब काढायचा होता. मधे पिवळा, आणि बाहेर जाता जाता उजेड पातळ होत संपायचा. हे ट्रान्सपरन्सीने करतात. ती शून्य ठेवली की रंग घट्ट. वाढवत गेलं की मागचं दिसायला लागतं. मी पिवळा गोल केला, कडेला पातळ केला. मग दिव्याला असतात तशा लांब तिरक्या मिशा काढल्या. दोन वर, दोन खाली, टोकाला विरत गेलेल्या. किती सुरेख झालं होतं!

मालक बघतच राहिले. म्हणाले, "बल्बला मिशा कुठून आल्या?" ताई हसून हसून पोट धरून बसल्या, इथेच बाळंत होईन म्हणाल्या. मी म्हटलं, दिवा असाच दिसतो ना? "कुठला गं दिवा?" मी मिशा पुसल्या. आता जो येतो त्याला मालक ती गोष्ट सांगतात.

त्याचं काही नाही. पण नंतर ताईंनी शंभरवर नेऊन दाखवलं. म्हणाल्या, "शंभर म्हणजे वस्तू तिथे आहे, क्लिक केलं तर सापडते, फक्त दिसत नाही." मला एकदम गोटीचा डोळाच आठवला. नळ सोडून रडून आले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बारीकसारीक शोधायला लावा म्हणाल्या होत्या ना डॉक्टरीणबाई. जेवणाच्या सुट्टीत मासा काढला. नखाएवढा, निळा. त्याच्या सात प्रती केल्या, कागदभर विखुरल्या आणि एकेकाची ट्रान्सपरन्सी वाढवत नेली. पहिला घट्ट, मग वीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, शेवटचा नव्वद. तो कुठे ठेवला हे माझं मलाच शोधावं लागलं. ताईंनी चांगला कागद काढून दिला.

घरी पट्टी लावून गोटीला म्हटलं, मासे पकड. तीन पकडले. मग थांबली.

बाकीचे कुठे गेले, मी विचारलं.

"तिथे नुसतं पाणी आहे."

आठातले तीन. पण पट्टी काढायचं विसरली ती! पूर्ण तासभर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाई म्हणाल्या, मासे बघून कुणाचे डोळे बरे झालेत? पण दुपारी मी नसताना त्याच कागद घेऊन बसतात. घड्याळ लावून. पाच मिनिटं आधी पट्टी काढू देत नाहीत. मला वाटलं होतं लाडाने काढून टाकतील.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पाच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पाच कसले! लबाड पोर नाकाच्या बाजूने पट्टीच्या फटीतून बघते. सासूबाईंनी पकडलं. कडा नीट दाबून लावली तर चार. चार तर चार. पण तीन नाहीत!

जागा पाठ होतात म्हणून आता रोज मासे हलवते. काल वर होता तो आज खाली. रोज नवीन कागद. मालकांना माहीत आहे, बघून न बघितल्यासारखं करतात.

शुक्रवार, ७ मार्च

सहा. खरे सहा. फटीचे नाहीत. मी स्वतः कडा दाबल्या होत्या.

कामातही जरा बरं चाललंय. मी युक्ती काढली. जोड डोळ्याने बघतच नाही. ग्रेडियंटच्या पट्टीवर ठिपके असतात, दर ठिपक्याला आकडा असतो. ते आकडे सारखे सारखे चढत गेले की जोड पडत नाही. ताईंनी आज तपासलं आणि एकही चूक काढली नाही. मालक म्हणाले, मिशीवाली शिकली. चालेल.

बुधवार, १२ मार्च

वाईट झालं.

गोटीने आज भराभर आठ मासे पकडले. आठ! मी तिला उचलून घेतलं. तर म्हणते, "अजून एक आहे." नाही गं राणी, आठच काढलेत मी. "नऊ आहेत." कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे काही नाही. कागद खिडकीशी नेला, तिरका धरला, नाकाला लावला. कोरा आहे तिथे. सासूबाई म्हणाल्या, मला विचारू नकोस, मला मेलीला तीनच दिसतात.

गोटी हट्टाने तेच. "त्याची शेपटी वर आहे."

नसलेलं दिसायला लागलं तिला! डोळ्याचं नाही, डोक्याचंच काहीतरी असणार. ते टेंगूळ. गोटीचे पप्पा आले तसं त्यांना जिन्यातच गाठलं आणि पलंगाचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, माझ्यामुळे झालंय. मी चार वर्षं लपवलं.

ते पायरीवरच बसले. बराच वेळ बूटच सोडत होते. मग म्हणाले, "माझ्या हातूनही पडली होती. न्हाणीघरात, साबणाचा हात होता. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

मी म्हटलं, कुठल्या बाजूवर?

"उजव्या."

मला हसू आलं. अशा वेळी! दोघंही जिन्यात बसून हसलो वेड्यासारखे, वरून सासूबाई विचारतायत काय झालं. घरात आलो तर गोटी पट्टी बाहुलीला लावून झोपलेली. चार वर्षांचं ओझं पायरीवर ठेवून आल्यासारखं वाटलं. पण तो नववा मासा आहेच.

गुरुवार, १३ मार्च

गेल्या गेल्या ताईंसमोर कागद ठेवला. मासे मोजा म्हटलं.

त्यांनी मोजले. "नऊ."

मी खुर्चीत बसलेच. म्हणाल्या, तू काल जेवायला गेलीस ना, तेव्हा एक मी टाकला. पंच्याण्णववर. गंमत म्हणून. तुला सांगायचं राहिलं. का, काय झालं?

काय झालं! गोटीने पकडला! आळशी डोळ्याने, पट्टी लावून, पंच्याण्णवचा मासा! जिवात जीव आला. ताईंना मिठी मारली तर मधे पोट, आतल्याने लाथ मारली.

मग ताई म्हणाल्या, पण तू का घाबरलीस, दिसतोय की. मी म्हटलं, कुठाय? त्यांनी बोट ठेवलं. मी म्हटलं, हो. सवयीने. मग म्हटलं, नाही हो ताई, नाही दिसत. त्यांचं हसू थांबलं. मालकांना हाक मारली. ते दारातूनच वाकले, "हा काय, कोपऱ्यात. शेपटी वर करून."

मला नसेल दिसत. मला काय त्याचं! पोरीला दिसला, बास.

सोमवार, १७ मार्च

सुधारला! डावा डोळा तक्त्यावर तीन ओळी खाली उतरला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. पट्टी आता दोनच तास. गोटीला त्या शाब्बास म्हणाल्या आणि मी तिथेच डोळे पुसले.

पडल्याचंही सांगितलं. दोन्ही वेळचं, पप्पांचं न्हाणीघरसुद्धा. त्या म्हणाल्या, टेंगळाने नंबर लागत नाही. हा जन्माचा आहे. बहुतेक घरातूनच येतो, म्हणून मागे विचारलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी माशांची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, गंमत बघा, लेकीला दिसला आणि आईलाच दिसेना.

त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही बसा बघू इथे."

नाकावर लोखंडी चौकट चढवली. एक भिंग घालतात, फिरवतात, काढतात. आता कसं? आता? रस्त्यावरचे दिवे कसे दिसतात, विचारलं. मी म्हटलं, मिशा असतात तसे. सगळ्यांना दिसतात तसेच.

त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही डोळ्यांना नंबर आहे म्हणाल्या. तिरका, म्हणून दिव्यांना मिशा फुटतात. लहानपणापासूनचा असणार. शाळेत कुणी तपासलं नव्हतं का?

गोटी माझ्या मांडीवर चढली. म्हणाली, आता आईला पण पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईला नुसता चष्मा पुरे. शनिवारी मिळेल.

शनिवार, २२ मार्च

चष्मा आणला. दुकानाच्या पायरीवर घातला, तेवढ्यात समोरच्या खांबावरचा दिवा लागला. मिशा नाहीत. नुसता गोल, कडेला विरत गेलेला. घरी येईपर्यंत रस्त्यापलीकडच्या सगळ्या पाट्या वाचत आले. शेवटच्या बाकावरून फळा असायचा तितक्या लांबच्या. थांबून थांबून, मोठ्याने, गोटी हात ओढत होती तरी.

मी ढ नव्हते.