आधी पाणी, मग प्रश्न

तारीख नऊ असावी. मंगळवार मात्र नक्की, कारण आज टॉवेलांचा दिवस.

प्रिय दादा,

पत्राची सुरुवात कशी करायची ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या तासाला मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होते. तर तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार आणि चिमणीच्या दोन्ही गालांचे पापे. मी मजेत आहे. खोकला गेला. केस कापलेत, इतके की बघशील तर म्हणशील, कोणाचा राग काढलास?

तुझं पत्र माझ्या जुन्या दोन पत्त्यांवरून फिरत इथे पोचलं. पाकिटावर एवढे शिक्के की माझ्यापेक्षा तेच जास्त हिंडलंय. चार वर्षांत पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारलंस, आणि विचारलंस काय, तर बॉयलर दुरुस्त करायचा की बदलायचा! आधी हसू आलं. मग नाही आलं.

तू लिहितोस, फिटर म्हणतो तळाला डाग देऊन एखादा हिवाळा निघेल, नाहीतर भिंतीवरचा नवा बसवा, नळ सोडला की गरम पाणी. तुझं मत नवा. बाबांचं मत, आहे तसाच राहू दे. फिटर वीस तारखेला येणार, त्याच्या आत मी बाबांना समजवायचं, कारण 'ते तुझं ऐकतात.' दादा, ते माझं ऐकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं रे.

थांब, मी इथे काय करते ते सांगते. मागच्या वेळी मी रोपवाटिकेत होते ना, ते सुटलं. मग एका बाईंबरोबर तीन महिने जुन्या खुर्च्या विणल्या. छान काम होतं, बोटं सोलायची फक्त. आता एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याच्या खात्यात आहे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, टोकं धरून एकमेकींकडे चालत जायचं, जोडायची, परत मागे. माझी जोडीदारीण म्हणते, "अगं, तू मागे जातेस तेव्हा वाटतं आता निघूनच जाशील." मी म्हटलं, चादर हातात आहे तोवर नाही जात.

तर या तळघरात बॉयलर आहे. आपल्या आख्ख्या न्हाणीघराएवढा. तो सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसते, तिथे ऊब असते. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तू लिहिलंयस ना, 'तळ फुगलाय, जांभळा-निळा पडलाय, बाबा म्हणतात वय झालं त्याचं', तिथे मामांनी घास तसाच धरला.

"वयानं गंज चढतो, बाळ. निळा नाही पडत. तो कोरडा तापलाय."

"म्हणजे?"

"आतलं पाणी संपलं नि खाली जाळ चालूच. विसरलं असणार कोणीतरी. तुझे वडील विसराळू आहेत का?"

आपले बाबा आणि विसराळू! कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस. मी नाही म्हटलं. मामा म्हणाले, "मग कशात तरी गुंतले असतील. काय करत होते तेव्हा, विचार त्यांना."

विचारायची गरज नाही दादा. मला माहीत आहे. हे पत्र त्यासाठीच आहे, खुर्च्या नि चादरी मी उगाच सांगत बसले.

तुला आपल्या घरचा नियम आठवतो? बाहेरगावाहून कोणी आलं की आधी गरम पाण्याची आंघोळ, मग प्रश्न. तू नापास होऊन वसतिगृहातून आलास तेव्हासुद्धा बाबा एवढंच म्हणाले होते, "पाणी तापलंय." आणि तू आत तासभर बसलास. मी दाराबाहेरून ओरडत होते, "दादा, विरघळलास का?" येणाऱ्याच्या आधी दोन तास ते बॉयलरखालचा गॅस पेटवायचे, पाणी कमी झालं की बादलीने भर घालायचे. भिंतीबाहेरच्या नळीतून वाफ निघाली की सगळ्या गल्लीला कळायचं, यांच्याकडे कोणीतरी येतंय.

दोन वर्षांपूर्वी, थंडीतला एक रविवार. तू आणि वहिनी चिमणीला घेऊन वहिनीच्या माहेरी गेला होतात. मी बाबांना फोन केला होता, पाचपर्यंत येते म्हणून. तुम्हाला सांगू नका म्हटलं, अचानक बघून तुमची तोंडं कशी होतात ते मला बघायचं होतं.

मी आले होते, दादा.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत आले. पाच वाजायला दहा मिनिटं होती, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. नळीतून पांढरी वाफ येत होती. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल माझा होता, मोरपंखी. ते दुसऱ्या टोकाकडे बघत होते, बस तिकडून येते ना. मी मात्र चालत, मागच्या बाजूने आले होते. मी हाक मारली असती तर त्यांनी मान वळवली असती, एवढंच अंतर.

आणि मला वाटलं, आंघोळ तरी किती वेळ करणार? कधीतरी बाहेर यावंच लागेल. मग ते विचारतील, काय करतेस? घरातून जाताना मीच मोठ्या तोंडाने म्हणाले होते, काहीतरी होऊन येईन. पिशवीत दोन कपडे नि एक फुटका कंगवा होता. मी काहीच झाले नव्हते.

मी वळले. मिळेल त्या बसमध्ये बसले.

ते किती वेळ बसले असतील तिथे? मामा म्हणतात, एवढी टाकी कोरडी व्हायला चार-पाच तास तरी लागतात. चार-पाच तास त्यांनी आत जाऊन एकदाही पाणी बघितलं नाही. आत गेलो नि तेवढ्यात ही आली तर, म्हणून. मग त्यांनी स्वतःच काहीतरी ठिगळ लावलं, आणि तुला सांगितलं वय झालं. दुसऱ्या दिवशी मी इकडच्या एका दुकानातून फोन केला, बस चुकली म्हटलं. ते म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी."

तू तक्रार केलीस ना, रविवारी दुपारी कोणाची आंघोळ नसताना बाबा बॉयलर पेटवतात, आणि हल्ली तो पेटल्यावर खडखडतो, चिमणी न्हाणीघरात जायला घाबरते. तू त्यांना हट्टी म्हणतोस. आता नको म्हणूस.

मामांना शेवटचं विचारलं, दुरुस्त की नवा? म्हणाले, "एकदा कोरडा तापलेला तळ भरवशाचा नाही. पोर असलेल्या घरात तर नाहीच." तर नवा घे. खालची चिठ्ठी बाबांना दे. वाचून नको दाखवूस, चष्मा दे आणि तू बाहेर जा.

* * *

बाबा,

त्या रविवारी बस चुकली नव्हती. मी शिंप्याच्या दुकानापाशी उभी होते. वाफ बघितली, टॉवेल बघितला, आणि परत गेले. तुम्ही दादाला काहीच सांगितलं नाहीत. बॉयलरचं वय झालं नव्हतं, बाबा. त्याला मी जाळलं.

नवा बसवू द्या. त्याला आधी पेटवावं लागत नाही, कोणी दारात बसून राहिलं तरी तो जळत नाही.

मी येते आहे. वार सांगत नाही, सांगितला की तुम्ही खुर्ची टाकाल. चालतच येईन, शिंप्याच्या बाजूने. अजूनही मी काही झालेले नाही, चादरींची घडी तेवढी छान घालते. या वेळी नियम मोडा. जे काय विचारायचं ते दारातच विचारा, मी पारोशी असताना. आंघोळ मग.

तुमची, दोन वर्षांची आंघोळ राहिलेली,
भिंगरी