हिरव्या चादरीची दोन टोकं

प्रिय राखी,

सध्या आमच्या घरात हिरवंच हिरवं झालंय. पलंगापासून दारापर्यंत साटीन पसरलेलं असतं आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की भिंतीही हिरव्या दिसतात. त्यात बसून किनारीला जरीचा गोटा शिवता शिवता मी कुठल्या कुठे जाऊन पोचते. इमरान दुकानातून जेवायला येतो तेव्हा पाय कुठे ठेवू म्हणत दारातच उभा राहतो. नवऱ्याला असं ताटकळत ठेवायला मजा येते, खोटं कशाला बोलू! दर्ग्यावर चढवायच्या चादरी शिवायचं काम मी घेतलंय, ही पहिली बातमी.

तुझा ‘घरबसल्या व्यवसाय’वाला मेसेज मिळाला. तुझ्या कंपनीत मी नाव नोंदवावं, आधी फी भरावी, मग तुझ्यासारख्याच मीही माझ्याखाली आणखी बायका जोडाव्यात, आणि उत्तर जुम्म्याच्या आत द्यावं. खरं सांगते, मी हरखून गेले होते. घरात बसून स्वतःची कमाई, आणि तीही तुझ्यासोबत! भाकरी थापतानाही मला आपलं दुकान दिसायचं. वर पाटी, आणि पाटीवर तुझं नाव आधी की माझं, यावरून आपलं भांडण.

मग मेसेज पुन्हा वाचला. आपण बनवायचं काय, विकायचं कुणाला, हे त्यात कुठेच नव्हतं. शेवटी मात्र लिहिलं होतं, ‘तुझ्याइतकी हुशार आणि जिद्दी स्त्री मी पाहिली नाही.’ अगं, शिवणक्लासात माझी एक शिलाई तरी तुला कधी सरळ दिसली होती का? ‘काहून वं, डोये मिटून शिवून राह्यली का?’ म्हणत सगळं उसवायला लावायचीस. ते वाक्य तुझं नव्हतंच. कुणीतरी ते तुझ्या हाती दिलं होतं, आणि तू ते पुढे पाठवलंस, याचंच मला वाईट वाटलं.

चादरींचे व्यापारी निजामुद्दीनचाचा. त्यांनी फी मागितली नाही आणि कौतुकही केलं नाही. नमुन्याला एक तुकडा दिला. शिवून नेला तर चष्मा वर करून म्हणाले, ‘बेटी, किनार ओढून राह्यली. उसवून आन.’ पुन्हा नेला, पुन्हा परत. रागारागाने घरी निघाले आणि बसस्टँडपाशी एकटीच हसले. या माणसाला माझं काम खरोखर हवं होतं, म्हणून तर तो इतकं निरखून बघत होता. पुढच्या खेपेला त्यांनी तुकडा ठेवून घेतला, मजुरी दिली आणि अख्खं कापड माझ्या हवाली केलं.

पण मोठी चादर एकटीचं काम नाही. दोघींनी दोन टोकांना बसायचं आणि गोटा लावत लावत मध्यावर भेटायचं. एकीने जास्त ओढलं की दुसरीला लगेच कळतं. मी एकटीच सरकत शिवते, म्हणून चुण्या पडतात. दुपारी डोळा लागला की वाटतं, पलीकडे कुणीतरी बसलंय आणि कापड हळूच ओढतंय.

काल शेलूबाजारहून तुझी नणंद निता आली होती. तिने सांगितलं, तू जोडलेल्या बायका फी परत मागायला दारात येतात, तू फोन उचलत नाहीस, रात्र रात्र झोपत नाहीस. तेव्हा समजलं की तो मेसेज म्हणजे तुझी हाक होती. फोनवर तू ‘भर ना वं’ म्हणाली असतीस तर मी भरून मोकळी झाले असते, इतकी मी कच्ची आहे, म्हणून हे पत्र. राखी, मी नाव नोंदवणार नाही, आणि तूही आता कुणाला जोडू नकोस. त्या बायकांसमोर जायला मी तुझ्यासोबत येते. उरसाची मोठी चादर दाखवून चाचा म्हणाले, ‘हे एकटीनं होईन का?’ मी म्हटलं, आमी दोघी आहो. तुला न विचारताच म्हटलं. सकाळच्या जीपने ये, मला त्यांच्यासमोर खोटी पाडू नकोस.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
नमरा