पालथे दगड

३ मार्च
आलो एकदाचे. नगरपालिकेच्या दफनभूमीची देखभाल आता माझ्याकडे आणि फाटकालगतचं क्वार्टर आमच्याकडे. दोन खोल्या, मोरी, नळाला भरपूर पाणी. लग्न झाल्यापासून मी एका गावी, ही दुसऱ्या. आता कुठे एका छपराखाली आलो. ही म्हणाली, शेजार बरा मिळाला, भांडायला कोणी येणार नाही.

५ मार्च
पहिलं काम म्हणजे कबरींवरच्या उभ्या दगडांची तपासणी. पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकायला हवेत, असं साहेब म्हणतात. पद्धत सोपी. मागून तळहात टेकवायचा, ढकलायचं, थांबायचं. हलला तर आडवा करायचा, कुणाच्या अंगावर पडायला नको. माझ्या पायाला भिंगरी. दुपारपर्यंत भिंतीकडची अख्खी रांग उरकली. नावं पावसाने झिजू नयेत म्हणून आडवे केलेले सगळे दगड पालथे ठेवले. हे कुणाला सुचलं नव्हतं. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

६ मार्च
इथल्या जुन्या मुकादमांनी रांग पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. दगड उताणाच ठेवायचा म्हणाले, पालथा घातला की गुदमरतं. कोण गुदमरतं ते सांगेनात. मी म्हटलं, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. ते हसले नाहीत. रजा टाकून घरी गेले.

९ मार्च
ओट्याशी उभी असताना हिच्या पाठीला कुणाचा तरी तळहात लागला. तिला वाटलं, मीच चेष्टा करतोय. मी तर बाहेर फाटकाला ग्रीस लावत होतो. आधी ढकललं, मग थांबलं, असं सांगते. मी विचारलं, तू हललीस का? म्हणाली, हलणारच ना, मी काय खांब आहे? मग माझं तोंड बघून तिने गॅस बंद केला.

१० मार्च
सकाळपासून दगड उताणे करायला बघतोय. त्या दिवशी एकट्याने आडवे केले, आज पहारीलाही दाद देत नाहीत. मुकादमांचा फोन बंद. हिला म्हटलं, माहेरी जा. म्हणते, तुला इथे टाकून? जात नाही. मला भीती वाटतेय. हिच्यासाठी जास्त.

११ मार्च
आज माझा नंबर. दाराशीच. गार तळहात — ढकललं — थांबलं. दात घट्ट आवळून उभा राहिलो. हललो नाही. तेव्हापासून दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसलोय.

दुपारी
आत धप्प आवाज. ही पालथी पडलीय. उंबऱ्यातून दिसतेय. तोंड फरशीला — हाका मारतोय — बोटं हलतात, मान वळत नाही. फोन तिच्या पलीकडे.

मुकादम, हे हाती लागलं तर आधी दगड उताणे करा. माणसं आणा. माझं काहीही होवो, आधी दगड —

तिचा श्वास वाजतोय. उताणी करायला दोन्ही हात लागतील. भिंत सोडावी लागेल. सोडतोय. नाही हलणार. काही झालं तरी नाही हल